कुंकवाखालचं साल

मोडी वाचणाऱ्याकडे येणारा प्रत्येक कागद सनद असतो. निदान आणणाऱ्याच्या मते. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीत बरीच वर्षं हेच चाललंय, त्यामुळे मालवणहून पहाटेची एसटी धरून आलेल्या त्या साठीच्या गृहस्थांनी पिशवीतून लाल फडकं काढलं तेव्हा मी मनात म्हटलं, आली आणखी एक.

"माझो आजो सांगी, ही शिवाजी म्हाराजांची सनद आसा," ते म्हणाले. कागद देव्हाऱ्यात असायचा. दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहायचं. घराच्या वाटणीवरून भावाशी वाद सुरू झाला म्हणून आता तो प्रथमच बाहेर निघालेला.

उलगडला आणि पहिल्या नजरेतच कळलं. शिक्का नाही, मोर्तब नाही. सनद कुठली? ते साधं कर्जाचं खत होतं. चाळीस रुपये घेतले, त्यापोटी परड्यातले माड गहाण. अक्षर मात्र सुरेख, बोरूची ओळ कुठे ढळलेली नाही. वरचा काठ फाटलेला होता. उंदराचं काम समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

अडलं ते सालावर. शके १६ एवढं दिसत होतं आणि पुढचे दोन आकडे कुंकवाच्या थराखाली. पिढ्यान् पिढ्यांनी भक्तिभावाने नेमकं तेच पुसून टाकलेलं! पण पुढे 'पार्थिव नाम संवत्सरे, आश्विन वद्य' स्पष्ट होतं. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी फिरून येतं. म्हणजे शके १६२७ किंवा १६८७. इसवी सन १७०५ नाहीतर १७६५. मी घाईने पहिलं साल सांगणार होतो. जुनं सांगितलं की गिऱ्हाईक खूश होतं, हे कबूल करतो.

तेवढ्यात एका ओळीत 'टोपीकर' दिसला, म्हणजे टोपीवाला गोरा, इथे इंग्रज. किल्ल्यात टोपीकर असल्याने गलबत अडकलं, धंदा बुडाला, सबब कर्ज, असा मजकूर. १७०५ साली सिंधुदुर्गात इंग्रज कुठला? हा १७६५चा कागद.

मग काम बाजूला ठेवून मी त्यांना ती हकीकत सांगत बसलो. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली किल्ल्याची पायाभरणी केली, हे मालवणच्या माणसाला मी काय सांगायचं! त्यांनीच मला पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा कुठे आहे ते टेबलावर बोटाने काढून दाखवलं. पण पुढे मालवण करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीचं बंदर झालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. इथे कोल्हापूरच्या जिजाबाई राणीसाहेब (शिवाजी महाराजांच्या आईसाहेब नव्हेत) कारभार पाहत होत्या, त्या वेळी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन आरमार घेऊन आले आणि त्यांनी किल्ला घेतला. नावसुद्धा बदललं, फोर्ट ऑगस्टस. करवीरच्या आरमाराचा इंग्रजी व्यापाराला उपद्रव होतो, ही त्यांची तक्रार. १७६६ साली लाखांनी रुपये कबूल करून घेऊन किल्ला परत दिला. शेवटी १८१२च्या तहात मालवण कोल्हापूरच्या हातून कायमचं गेलं. आम्ही कोल्हापूरकर आज तिकडे जातो ते मासे खायला. एकेकाळी तो आपलाच दर्या होता, हे इथेही किती जणांना माहीत आहे देव जाणे.

गृहस्थ गप्प होते. सनद गेली, वर पूर्वज कर्जबाजारी निघाला. वाटणीच्या दाव्यात या कागदाचा काही उपयोग नाही, हेही सांगावं लागलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "फेडल्यान काय त्यान?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. खत ज्याने पैसे दिले त्याच्या घरी राहतं. कर्ज फिटलं की सावकार ते फाडून ऋणकोच्या हाती देतो. मी कागद पुन्हा खिडकीपाशी नेला. वरचा काठ उंदराने कुरतडलेला नव्हता. बोटांनी सरळ, मधोमध दोन इंच फाडलेला होता. आणि कागद कुणाच्या देव्हाऱ्यात होता? घेणाऱ्याच्या.

"फेडल्यान," मी म्हटलं. माझी मालवणी ऐकून ते पहिल्यांदाच हसले. कागद लाल फडक्यात परत गुंडाळला आणि विचारलं, गगनबावड्यावरून जाणारी दुपारची गाडी किती वाजता?