तिरुवनंतपुरममध्ये लॉरी बेकर यांच्या विटांच्या वास्तू पाहताना

तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळच इंडियन कॉफी हाउसची लाल विटांची गोल इमारत आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांचे काम पाहायला आलेल्याने सुरुवात येथूनच करावी. आत मजले नाहीत. एकच चक्राकार चढण वर जाते आणि तिच्या कडेची टेबले व बाके बांधकामातच घडवलेली आहेत. तुऱ्याचा फेटा बांधलेले वाढपी बिटाने लाल झालेली कटलेटे घेऊन ती चढण लीलया चढतात, आणि भिंतीत विटा गाळून ठेवलेल्या झरोक्यांतून वारा खेळत राहतो.

बेकर १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मले. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून घर बांधावे हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर प्रमाण मानला. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही. उल्लूर येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेच्या आवारात तो विचार टेकडीभर पसरलेला दिसतो. सौर पट्ट्या आणि महागड्या काचा लावून ‘हरित’ ठरलेल्या इमारतींची सवय असलेल्या डोळ्यांना येथे दाखवण्याजोगे काहीच सापडत नाही, कारण सारी करामत वगळण्यात आहे: गिलावा नाही, रंग नाही, बऱ्याच खिडक्यांच्या जागी विटांचीच जाळी.

शहराबाहेर याच पद्धतीच्या एका घराची भिंत कमरेइतकी आली होती, म्हणून तिचे पोट पाहता आले. विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या केल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या विटांमध्ये पोकळी राहत होती आणि ठरावीक अंतरावर एक आडवी वीट दोघींना बांधून ठेवत होती. या रॅट-ट्रॅप बाँडमुळे सुमारे पाव विटा वाचतात आणि कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही. गवंडी प्रत्येक थराला पोकळीवर लाकडी पट्टी ठेवूनच माल पसरत होता, कारण आत माल सांडला तर पोकळी राहिलीच कुठे? स्लॅबमध्ये, जेथे खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसत नाही व ते काम सळयाच करतात, तेथे मंगलोरी कौले घालून काँक्रीट वाचवले जाते.

राहणाऱ्यांच्या कुरबुरीही आहेत. जाळीतून डास येतात, आणि विजेच्या नळ्या कोठून जाणार हे भिंत उभी राहण्याआधीच ठरवावे लागते. मला मात्र खरी अडचण वेगळी वाटली: गिलावा नसल्याने वाकडा सांधा झाकता येत नाही, त्यामुळे हात बसलेला गवंडीच लागतो. बेकर २००७ साली गेले. १९८५ मध्ये त्यांच्या सहभागाने सुरू झालेली कॉस्टफोर्ड ही संस्था मात्र अजून या पद्धतीने घरे बांधते.