जादा किल्ली

शनिवारी संध्याकाळी पावणेआठला फोन आला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधून, पंचेचाळिशीतले गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलून लिहिते आहे. मी हेल्पलाइनवर समुपदेशक आहे, या खुर्चीत सहा वर्षं झाली.

पहिली दोन मिनिटं ते बोललेच नाहीत. मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग "एक मिनिट हं मॅडम" म्हणून उठले, नळ बंद करून आले. पिंप भरलं होतं. मला तेवढ्यानंच बरं वाटलं, उद्याचं पाणी भरणारा माणूस उद्याचा विचार करतोय असं वाटलं. म्हणून विचारलं, पाणी भरून ठेवताय का? म्हणाले, "बायको-मुलगा सोमवारी गावाहून येणार. आल्या आल्या त्यांना लागेल ना." त्या वाक्यात ते स्वतः कुठेच नव्हते. पाठीतून कळ गेली माझ्या.

मग सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" हे असंच विचारायचं असतं. नव्या मुली इथे अडखळतात, "तसं काही मनात येतं का" म्हणतात आणि समोरचा "नाही नाही" म्हणून सुटतो. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्यानं वागवलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. हो म्हणाले. कधी? आज. कसं, तेही ठरलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. वस्तू घरात होती, हाताशी.

कारण कर्जाचं. नोकरी गेल्यावर मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून थोडे पैसे उचलले, ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून. हप्ता चुकला तशी वसुलीवाल्यांनी त्यांच्या मोबाइलमधले सगळे नंबर लावायला सुरुवात केली. मेहुणा, जुने साहेब, मुलाच्या क्लासचे सर, बिल्डिंगचे सेक्रेटरी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमची संपर्क यादी उघडायचा अधिकारच नाही, आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही. नियम कागदावर आहे. ते माझ्याशी बोलत असतानाच पलीकडून दोनदा दुसरा फोन वाजला. पावणेआठ वाजून गेले होते.

आमच्याकडे संगणकावर 'स्थानिक मदत' नावाची यादी आहे. त्या पट्ट्यातल्या सात नोंदी. शेजारच्या टेबलावरून सहकारी एकेक नंबर लावत गेली. दोन उचलले गेले नाहीत, एक बंद, एका दवाखान्याची इमारत पुनर्विकासाला गेलेली, बाकीचे सोमवारी. ही यादी वर्षातून एकदा कोणीतरी 'अद्ययावत' करतं, म्हणजे तारीख बदलतं. मला याचा खरंच संताप येतो. बुडणाऱ्याला दोर टाकायचा तर तो आधी ओढून बघायला नको? म्हणून मी माझी वही ठेवते. कुठे केसपेपरची खिडकी लवकर बंद होते, कुठे नातेवाईक सोबत मागतात, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या मजल्यावर. स्वतः फोन करून, वेळ पडली तर जाऊन बघितलेलं सगळं.

वहीत विक्रोळीसमोर लिहिलंय, रात्री शीव. शीवच्या पालिका रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास चालू असतो, आणि ते वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे मानसोपचाराचे डॉक्टर बोलावता येतात. केईएम रुग्णालयातही येतात. पण केईएम पडतं परळला आणि रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, मध्ये उतरून टॅक्सी शोधावी लागते. अशा अवस्थेतला माणूस चालत्या गाडीत बसून राहतो. उतरला की "जाऊ दे, घरी जातो" म्हणतो. हे मला दोनदा अनुभवानं कळलंय.

पण शीवला नेणार कोण? आमच्या वरिष्ठ मागे उभ्या राहून खुणावत होत्या, पोलिसांचा ११२ लाव. त्यांचं चुकीचं नव्हतं, एकटा माणूस, साधन हाताशी. पण ते दोनदा विचारत होते, "पोलीस केस होईल का?" मी सांगितलं, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे, असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही. तरी ज्याच्या दारात गेले तीन आठवडे फक्त बदनामी आली, त्याच्या दारात गाडी उभी करायची? मी बोटांनी खूण केली, दहा मिनिटं द्या.

भाऊ? नको. मित्र? "सगळ्यांना फोन गेलेत हो मॅडम. कोणाला तोंड दाखवू?"

तेव्हा मी माझा जुना प्रश्न काढला. "बाहेरगावी गेलात तर जादा किल्ली कोणाकडे ठेवता?"

जराही न थांबता म्हणाले, "समोरच्या आजींकडे."

"त्यांना गेला का फोन?"

थोडा वेळ गप्प. मग, "त्यांचा नंबरच नाही माझ्याकडे. दार वाजवतो आम्ही."

सगळ्या इमारतीत एकच माणूस उरला होता जिच्यापर्यंत अ‍ॅप पोचलं नव्हतं. मी म्हटलं, फोन चालू ठेवा, ती वस्तू पिशवीत घाला आणि आजींच्या हातात द्या. त्यांनी एकच अट घातली, "फक्त आजी." मी म्हटलं, "फक्त आजी."

चपलांचा आवाज, कडी, मग दाराची टकटक. टीव्हीवर मालिका चालू होती. "काय रे, जेवलास का?" यांना उत्तर देता येईना. नंतर फोनवर आजीच. "कोण गं तू?" मी थोडक्यात सांगितलं आणि म्हटलं, आजी, यांना आज रात्री एकटं सोडू नका. त्या म्हणाल्या, "सोडते कशी." आणि फोन तसाच हातात धरून गॅलरीत जाऊन खणखणीत आवाजात ओरडल्या, "पोरांनो, रिक्षा आणा रे! याला इस्पितळात न्यायचाय!"

मंडळाची पोरं. तीन मजले. सगळ्यांनी ऐकलं असणार.

साडेनऊच्या सुमारास त्यातल्याच एकाचा फोन आला, डॉक्टरांनी बघितलंय, रात्रभर ठेवून घेताहेत. आमची लाइन दहाला बंद होते म्हणून त्याला १४४१६ लिहून घ्यायला लावला. २०२२पासून चालू असलेली सरकारची टेली-मानस, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि अ‍ॅपच्या तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांचा १९३०.

सोमवारी ठरल्याप्रमाणे विचारपूस केली. गोळ्या चालू होत्या, झोप लागली होती, सायबरची तक्रार त्या पोरांनीच नेऊन लिहून दिली होती. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त आजी म्हणाला होतात." रागानं नाही, हळू आवाजात. मी माफी मागितली. आजींच्या वतीनं मागायचा मला काय अधिकार, कोण जाणे, आणि त्यांनी केलं ते मी शंभरदा करवून घेईन. पण शब्द मी दिला होता. सत्तरीच्या एकट्या बाईला रात्री रिक्षा शोधायला माणसं लागणार, हे मला दार वाजायच्या आधी सुचायला हवं होतं. सुचलं असतं तर सांगितलं असतं का त्यांना? सांगितलं असतं तर दार वाजवलं असतं का त्यांनी?

शनिवारी दुसरी विचारपूस. फोन बाईनं उचलला. मी ह्यांना द्याल का म्हटलं. कोण, कुठून, हे घरच्यांना सांगायची आम्हाला मुभा नाही, त्यांनी स्वतः परवानगी दिल्याशिवाय.

"वसुलीवाले ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "लाज वाटत नाही? मरता मरता वाचलाय माझा माणूस." आणि फोन ठेवला.

नोंदीत 'प्रकरण बंद' असा एक रकाना आहे. तो मी अजून भरलेला नाही.