कागद कमी करणाऱ्या मंत्री : सुषमा स्वराज

माजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज म्हटलं की लोकांना आधी आठवतात ती त्यांची ट्वीट्स. परदेशात अडकलेल्या माणसाने हाक मारावी आणि मंत्र्यांनी स्वतः उत्तर द्यावं, याचं अप्रूप वाटणारच. पण ट्वीटने एका माणसाचं काम होतं आणि नियम बदलला की पुढच्या लाखोंना हाक मारायची वेळच येत नाही. सुषमाजींचं मोठं काम या दुसऱ्या प्रकारातलं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पासपोर्टचंच बघा. डिसेंबर 2016 पर्यंत 26 जानेवारी 1989 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला पासपोर्टसाठी जन्मदाखला सक्तीचा होता. खेड्यात घरीच बाळंतपण झालेलं, ग्रामपंचायतीत नोंदच नाही, म्हणजे आधी नोंदीसाठी खेटे आणि मग अर्ज. त्यांच्या परराष्ट्र खात्याने ही अट काढली. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख असलेली विमा पॉलिसी यांतलं काहीही चालू लागलं. अर्जासोबतची जोडपत्रं 15 वरून 9 वर आली. नोटरीचा शिक्का गेला, साध्या कागदावर स्वतः लिहून दिलेलं पुरे झालं. विवाह नोंदणीचा दाखला नको. आई-वडील दोघांऐवजी एकाचं नाव दिलं तरी अर्ज पूर्ण. नवऱ्यापासून वेगळं राहून एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईसाठी या शेवटच्या ओळीची किंमत काय आहे, हे ज्यांनी तो जुना फॉर्म भरलाय त्यांना विचारा. (2025 पासून मात्र 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना पुन्हा जन्मदाखलाच लागतो. आता नोंदणी बहुतेक सगळीकडे होते, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे.)

पुढे जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोद इथून टपाल कार्यालयात पासपोर्ट केंद्रं उघडायला सुरुवात झाली. नव्या इमारतींची वाट बघायची नाही, जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयात जागा घ्यायची आणि यंत्रणा बसवायची. जून 2018 पासून देशात कुठूनही अर्ज करता येऊ लागला. पुण्यात नोकरी करणाऱ्या नागपूरच्या मुलाला अर्जासाठी गावाकडचं पासपोर्ट कार्यालय गाठायची गरज उरली नाही.

ही पकड एका दिवसात आलेली नव्हती. 1977 मध्ये हरियाणात अंबाला छावणीतून आमदार झाल्या आणि देवीलाल सरकारात मंत्री झाल्या, तेव्हा वय अवघं 25. त्याआधी सर्वोच्च न्यायालयात वकिली, आणीबाणीतल्या बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या बचावाचं काम. मग कर्नालमधून लोकसभेला तीनदा हार, 1980, 1984 आणि 1989. त्यांच्या कारकिर्दीचं कौतुक करताना हे तीन पराभव गाळले जातात. गाळू नयेत. तिसऱ्या पराभवानंतर 1990 साली त्या राज्यसभेत गेल्या आणि तिथून दिल्लीचं राजकारण सुरू झालं.

1998 साली माहिती व प्रसारण मंत्री म्हणून त्यांनी चित्रपटाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला. तोवर निर्माता बँकेच्या दारात जाऊन उपयोग नसे. मग खासगी सावकार, चढं व्याज, आणि मुंबईत त्यात गुन्हेगारी टोळ्यांचाही पैसा. पण नुसत्या घोषणेने कर्ज मिळत नाही. बँकेला लेखी करार हवेत, तपासलेले हिशेब हवेत, विमा हवा. तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या धंद्यात यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे घोषणेचं फळ यायला काही वर्षं गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना दिल्लीच्या मुख्यमंत्री केलं. दिल्लीच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, पण मिळाले जेमतेम 52 दिवस. सरकार बुडवलं ते कांद्याच्या चढलेल्या भावाने. आपल्या नाशिककडच्या माणसाला हे गणित सांगायला नको. ऑक्टोबरपर्यंत चाळीतला उन्हाळ कांदा संपत येतो, आणि पावसाने खरिपाचा माल बिघडला की लासलगावपासून दिल्लीच्या आझादपूरपर्यंत मंडी रिकामी. निवडणुकीच्या तोंडावर खुर्चीत बसवलेल्या कोणालाही दीड महिन्यात कांदा पिकवता आला नसता. भाजप 70 पैकी 15 जागांवर आला. 1999 ला लोकसभेसाठी कर्नाटकातल्या बळ्ळारीत सोनिया गांधींसमोर उभं केलं. प्रचारासाठी कन्नड शिकून भाषणं केली, तरी 56,100 मतांनी हरल्या. पक्षाने त्यांना वारंवार अवघड जागीच पाठवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. 2009 साली मध्य प्रदेशातली विदिशा मिळाली, तो मात्र भक्कम मतदारसंघ होता.

आरोग्यमंत्री असताना, 2003 मध्ये, भोपाळ, भुवनेश्वर, जोधपूर, पाटणा, रायपूर आणि ऋषिकेशच्या एम्सची योजना आली. प्रत्यक्षात तिथे विद्यार्थी बसले 2012 मध्ये.

परराष्ट्र खात्यातली सगळ्यात जड गोष्ट मात्र मोसुलची. जून 2014 मध्ये इराकमधल्या या शहरात 40 भारतीय मजुरांचं अपहरण झालं, एक निसटला, 39 उरले. पुरावा हाती येईपर्यंत मृत्यू जाहीर करणार नाही, ही त्यांची भूमिका. मार्च 2018 मध्ये मोसुलजवळच्या बादूशच्या सामूहिक कबरीतले अवशेष डीएनए चाचणीत जुळले, 38 जणांचे पूर्ण, एकाचे 70 टक्के, तेव्हाच त्यांनी राज्यसभेत सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने त्या बरोबर होत्या. पण जवळपास चार वर्षं त्या घरांमध्ये आशा जिवंत ठेवली गेली, आणि ते दुःख कुठल्याही तर्काने हलकं होत नाही.

पाकिस्तानने हेर ठरवून पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातही तीच वकिली शिस्त दिसते. पाकिस्तानात फाशीची शिक्षा एप्रिल 2017 मध्ये, आणि मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. मुद्दा नेमका, 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36, म्हणजे अटकेतल्या माणसाला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याचा हक्क. भारताचे वकील हरीश साळवेंनी फी घेतली 1 रुपया. दहा दिवसांत फाशीला स्थगिती आली. डिसेंबरमध्ये इस्लामाबादला काचेआडच्या भेटीत जाधवांच्या आईला मराठीत बोलू दिलं नाही, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. ते सुषमाजींनी संसदेत एकेक करून सांगितलं, तेव्हा सुषमाजींचा आवाज चढला होता. अंतिम निकाल 17 जुलै 2019 ला भारताच्या बाजूने आला, 15 विरुद्ध 1. तोवर सुषमाजींनी मंत्रिपद सोडलं होतं. 6 ऑगस्टला त्या गेल्या.