टारबॉल कुठून घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

सॉफ्टवेअर पॅकेजिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर लोकांना सहज बसवता येईल असं बांधून देण्याचा, विषय निघाला की लोकं डिपेंडन्सी, पॅचेस, लायसन्स यावर तासन्‌तास बोलतात, पण सोर्सचा टारबॉल, म्हणजे सगळा सोर्स कोड एकत्र बांधलेली फाईल, नक्की कुठून घेतला आणि उद्या तो तिथे असेल का हे फार कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते पॅकेज किती वर्षं टिकणार ते तिथेच ठरतं.

कोड ठेवायच्या गिटहब साइटच्या रिलीज पेजवर आपोआप येणारी टार.जीझेड फाईल असते ना, तिच्या भरवशावर मी चेकसम (फाईलीच्या बाइट्सवरून काढलेला आकडा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) लिहीत नाही. ती कोणी बनवून ठेवलेली नसते, आपण मागितली की सर्व्हर टॅगवरून (त्या रिलीजच्या कोडवर लावलेल्या खुणेवरून) तयार करून देतो. जानेवारी 2023 च्या शेवटी गिटहबने गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) अपडेट केलं, नव्या गिटमध्ये कॉम्प्रेशनची पद्धत बदलली होती, म्हणजे आतली एक ओळही बदलली नाही पण बाहेरचे बाइट्स बदलले आणि जगभर लोकांचे बिल्ड चेकसमवर धडाधड पडायला लागले. बदल लगेच मागे घेतला, पण कळायचं ते कळलंच. शिवाय त्या फाईलीत सबमोड्यूल (आत जोडलेले दुसरे गिट प्रोजेक्ट) येत नाहीत, फोल्डर रिकामंच!

मग लेखकाने स्वतः बनवून अपलोड केलेला टारबॉल घ्यावा तर मार्च 2024 चं एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलचं प्रकरण आठवतं. 5.6.0 आणि 5.6.1 च्या टारबॉलमध्ये एक एम4 फाईल (बिल्डच्या तयारीची स्क्रिप्ट) अशी होती जी गिटमध्ये नव्हतीच, आणि बिल्डच्या वेळी बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) तिच्यातून सुरू व्हायचा. टारबॉलवरची डिजिटल सही बरोबर होती, कारण हे करणाराच मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, होता. त्यामुळे मी आता टारबॉल उघडून टॅगशी डिफ मारतो, म्हणजे दोन्हींतला फरक बघतो, ऑटोटूल्स या बिल्डच्या टूल्सने तयार केलेल्या फाईली जास्त दिसणारच, पण जास्तीची प्रत्येक फाईल कुठून आली ते समजलं पाहिजे. कंटाळवाणं काम आहे पण सोडू नका प्लीज.

आता ठेवण्याचं. कोड ठेवायच्या साइट्सपैकी गूगल कोड जानेवारी 2016 मध्ये बंद झालं, गिटोरियस त्याच्या आधीच गेलं, आणि कितीतरी पॅकेज रेसिपींमधल्या (पॅकेज कसं बनवायचं ते लिहिलेल्या फाईलींमधल्या) लिंका मेल्या. मोठी डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) म्हणून मूळ फाईलची आपली प्रत ठेवतात, डेबियनमध्ये ओरिग, म्हणजे मूळ, टारबॉल आर्काइव्हमध्येच जातो, फेडोराचा लुकअसाइड कॅशे आहे, जेंटूचे डिस्टफाइल्स मिरर आहेत. सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोड जपणाऱ्या संग्रहात कोड बहुतेक वेळा सापडतो, पण तोच टारबॉल बाइट-न-बाइट मिळेलच असं नाही, आणि चेकसमला तर तोच लागतो.

छोट्या प्रोजेक्टवाल्यांना हे परवडत नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. काही एमबीच्या फाईली असतात. टॅगवरून गिट आर्काइव्ह कमांडने एकदाच टारबॉल काढा, नावात व्हर्जन टाका, जीपीजी सही (फाईल तुमचीच असल्याची डिजिटल खूण) आणि शा256 चेकसम बाजूला ठेवा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी चढवा. आणि एकदा चढवलेली फाईल त्याच नावाने परत कधीच बदलू नका, 1.4 मध्ये काही राहिलं तर सरळ 1.4.1 काढा, गुपचूप बदललेल्या फाईलीएवढा त्रास पॅकेजरला दुसऱ्या कशानेच होत नाही, कारण चेकसम जुळला नाही की कोणी घुसलंय की लेखकाने कॉमा बदललाय हे त्याला बाहेरून कळायला मार्गच नसतो. माझ्या मालाडच्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर मी वापरतो त्या सगळ्या पॅकेजेसचे मूळ टारबॉल ठेवलेत, जुलैत धो धो पावसात इंटरनेटची लाइन गेली तरी बिल्ड अडत नाही.

आपल्या देवनागरी टूल्सचं मात्र खरंच वाईट वाटतं. ओळखीतल्या एकाचा कीबोर्ड लेआउटचा प्रोजेक्ट एका कॉलेजच्या सर्व्हरवर होता, सर्व्हर नव्याने बसवला आणि जुन्या रिलीज गेल्या त्या गेल्याच, आता एका मित्राच्या सीडीवर सापडलेली एकच प्रत आहे. मुंबई आणि आसपास दादर-ठाण्यापासून विरारपर्यंत कोणाच्या कपाटात जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या सोर्सच्या सीड्या, हार्डडिस्क पडल्या असतील तर फेकू नका, लायसन्सची फाईल आत आहे का बघा आणि कमेंटमध्ये सांगा, मी स्वतः येऊन कॉपी करून घेईन.