पणजीच्या कॅफेत, सकाळी नऊच्या गर्दीत

पणजीत मुक्काम असेल तर सकाळचा नाश्ता लॉजवर करू नये, असं माझं ठाम मत आहे. खोलीच्या भाड्यात धरलेला असला तरी करू नये. अंघोळ आटोपून बाहेर पडावं आणि चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत एखादा जुना कॅफे गाठून भाजी-पाव खावा. कॅफे म्हटल्यावर पुण्या-मुंबईत हल्ली सोफे, वायफाय आणि तीनशे रुपयांची कॉफी डोळ्यांसमोर येते. त्यातलं इथे काहीच नसतं. पाच-सहा टेबलं, गुळगुळीत झालेल्या लाकडी खुर्च्या, वर फिरणारे पंखे आणि दाराशी गल्ला. पांढऱ्या वाटाण्याची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, दोन्ही एकत्र हवं असेल तर मिक्स. सोबत पाव किंवा पुरी. बन्स संपले नसतील तर नशीब. आणि शेवटी स्टीलच्या पेल्यातलं पाणी, चहा.

मी आणि धाकटी बहीण करमळीला गाडीतून उतरून पणजीत आलो तेव्हाच ठरलं होतं की या वेळी समुद्र कमी आणि गाव जास्त बघायचं. डिसेंबर होता, किनाऱ्यांवर गर्दी असणार हे धरूनच चाललो होतो. पण गर्दी गावात, तीसुद्धा सकाळी नऊला भाजी-पावच्या टेबलावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

त्या कॅफेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर अजून चार गाड्या तिथे थांबतील, आणि मला ते नको आहे.

नऊच्या सुमाराला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण गोंधळही नसतो, कारण सगळं ठरलेलं आहे. आत यायचं, खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. समोर कोण आहे हे बघायचं नाही. कचेरीतला कारकून, बाजारात नारळ उतरवून आलेला माणूस, काळा कोट हातावर टाकलेला वकील, सगळे एकाच टेबलावर. दहा मिनिटांत खाऊन होतं, माणूस उठतो, पोऱ्या फडकं मारतो, पुढचा बसतो. भिंतीवर पाटी आहे, मराठीत आणि इंग्रजीत: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, खाणे झाल्यावर जागा रिकामी करावी, टेबलावर इतर गिऱ्हाइके बसतील, व्हिडिओ काढू नये. शेवटची ओळ वेगळ्या रंगात आहे. ती नंतर रंगवून घेतलेली आहे हे लगेच कळतं.

आम्ही पाव मोडला आणि तेवढ्यात ती मंडळी आली. आठ जण, दोन कुटुंबं असावीत. बोलणं कानावर पडलं तसं कळलं की आपलीच माणसं, मराठी, आमच्याच बाजूची. रिकाम्या होत आलेल्या दोन टेबलांपाशी ते जाऊन उभे राहिले. खाणाऱ्यांच्या डोक्यावर उभे राहिले म्हणजे अक्षरशः डोक्यावर. एका बाईंनी तर एका माणसाचा चहा संपायच्या आतच खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवली. तो बिचारा उरलेला चहा तसाच ठेवून उठला. मग दोन्ही टेबलं ओढून एकत्र केली. ऑर्डर दिली ती तीन चहा आणि दोन मिक्स भाजी, आठ जणांत. आणि पिशवीतून डबे निघाले. भाकरवडी, चिवडा, मेथीचे ठेपले. टेबलभर.

वाढणारा पोरगा हुबळीकडचा. कोकणी, हिंदी, मराठी सगळं मिसळून बोलतो. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. काही बोलला नाही, नुसतं बोट. त्यावर एकजण उठला, त्याने फोन काढला आणि त्या पाटीचा फोटो घेतला. सगळे हसले. "आपल्या पुण्यासारखंच आहे रे," असं कोणीतरी म्हणालं, आणि ठेपले पुढे सरकले.

इथे माझं डोकं फिरायला लागलं. पाट्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवणं हा आपल्याकडे छंद होऊन बसलाय. इराण्याच्या हॉटेलातली पाटी असो की सदाशिव पेठेतली, ती गंमत म्हणून बघायची. त्या पाटीत कोणीतरी आपल्याला काहीतरी करू नका म्हणून सांगतोय, हे ध्यानातच घ्यायचं नाही.

त्यानंतर रील. पाण्याच्या पेल्याला फोन टेकवून गाणं लावलं, आवाज मोठा. एक मुलगी पावाचा तुकडा भाजीत बुडवून तोंडापर्यंत नेते, मग पुन्हा खाली आणते, कारण प्रकाश बरोबर आला नाही. असं चार-पाच वेळा. मागच्या टेबलावरची माणसं त्या चित्रात येत होती. एकाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आणि दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, काखेत मराठी पेपर, हातात कापडी पिशवी. ते रोजचे आहेत हे पोऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने चारी बाजूंना बघितलं, मग आमच्या टेबलावरचा वकील उठल्याबरोबर तो जवळजवळ पळतच आला आणि म्हणाला, "बाब, हांगा बसात." ते येऊन बसले. न सांगता पातळ भाजी आणि एक पाव त्यांच्यासमोर आला. ऐंशीच्या पुढचे असावेत. उभं राहून त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, बसताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"काका, रोज येता?" बहिणीने विचारलं.

"मंडळी गेली तेव्हापासून रोज. घरात आता चूल सकाळची पेटत नाही," ते म्हणाले. स्वच्छ मराठीत. त्या पिढीतल्या अनेक गोवेकरांचं शिक्षण मराठीत झालंय, पेपरही ते मराठीच वाचतात. मग पलीकडच्या टेबलाकडे न बघताच म्हणाले, "ते माझं टेबल. म्हणजे माझं कसलं, पण खिडकीपाशी वाचायला उजेड असतो."

तक्रारीचा सूर नव्हता. तसं असतं तरी मला चाललं असतं. मी उठले आणि त्या मंडळींकडे गेले. शांतपणेच म्हटलं, "इथे बाहेरचं खायचं नाही, मागे पाटी आहे. आणि लोक उभे आहेत."

"तुम्ही इथल्या का?"

"नाही, मी पण पुण्याचीच."

"मग तुम्हाला काय त्रास होतोय? आम्ही पैसे देतोय ना!"

मी म्हटलं, "पैसे दोन प्लेटचे देताय, खुर्च्या आठ अडवल्यात." त्यांच्यातल्या वयस्कर बाई जरा वरमल्या, त्यांनी डब्यांची झाकणं लावली. बाकीच्यांनी माझ्याकडे पाठ केली. उठले मात्र नाहीत. आम्ही निघेपर्यंत बसूनच होते आणि तोवर दारातून कितीतरी माणसं आत डोकावून परत गेली.

गल्ल्यावर पैसे देताना मालकांना विचारलं की तुम्ही का नाही सांगत? त्यांचं उत्तर मला आजही बोचतंय. "सांगितलं तर मोबाईलवर एक स्टार देतात. मालक उद्धट म्हणून लिहितात. मागच्या सीझनला तिघांनी लिहिलं. आमचं रोजचं गिऱ्हाईक ते वाचत नाही, पण पोरगा म्हणतो, बाबा, नको बोलू." मग त्यांनी हिशेब सांगितला. सकाळी दोन-अडीच तासांत एका खुर्चीवर दहा-बारा माणसं बसून जातात, एकेकाचे पन्नास-साठ रुपये होतात. भाव त्यावरच टिकून आहे. खुर्ची तासभर अडली तर भाजीचा भाव वाढवावा लागेल, आणि वाढवला तर नारळवाला येणार नाही, काका येणार नाहीत.

सगळी गोष्ट या हिशेबात आहे. मोठ्या साखळीतल्या कॉफीच्या दुकानात तीनशे रुपये देतो त्यात बसण्याचं भाडं असतं, म्हणून तिथे लॅपटॉप उघडून दुपार काढली तरी कोणी हूं म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तर तुम्ही दिवसभर पडून राहावं हीच त्यांची इच्छा असते, कारण दर अर्ध्या तासाने तुम्ही काहीतरी मागवता. भाजी-पावच्या कॅफेत तुम्ही फक्त भाजी-पावाचे पैसे देता. बसायची जागा तुम्हाला दहा मिनिटं उसनी मिळालेली असते, आणि तिच्यावर पुढचा माणूस डोळे लावून उभा असतो. माझा राग जास्त आहे तो याचा, की हीच मंडळी एसीतल्या कॉफीच्या दुकानात बाहेरचा डबा उघडायची हिंमत करत नाहीत. तिथला गणवेशातला मुलगा "सर, नॉट अलाउड" म्हणाला की मुकाट्याने पिशवी बंद होते. हुबळीच्या पोराने बोट दाखवलं की त्याचा फोटो निघतो.

दुपारी फोंतेन्यासमध्ये गेलो. आल्तिन्योची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधली ही वस्ती आता सगळ्यांना फोटोंवरून पाठ झाली आहे. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, लाल कौलं, रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, त्याच्याही आधीपासून इथे वस्ती आहे. सेंट सेबास्टियनच्या छोट्या चॅपेलमधला क्रूस तर जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान खाली झुकलेली नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते. बाहेर मात्र एकाच निळ्या दारापुढे रांग लागली होती. दर्शनाची नव्हे, दारात उभं राहून फोटो काढायची.

ते दार कोणाच्या तरी घराचं होतं. कितीतरी घरांवर पाट्या आहेत, खासगी घर आहे, फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसू नका. रांगेतल्या एकीने त्याच पायरीवर बसून चप्पल बदलली. आतून एक आजी दूध आणायला निघाल्या असाव्यात, हातात किटली होती. त्या दारात थांबल्या. एका तरुणाने त्यांना हाताने खूण केली, एक मिनिट, फोटो होऊ दे. स्वतःच्या घरातून बाहेर पडायला त्या बाईंना परवानगीसाठी थांबावं लागलं.

गोवा सरकारच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांसाठी सूचना काढल्या होत्या. अनोळखी माणसांचे, विशेषतः किनाऱ्यावर पहुडलेल्या किंवा पोहणाऱ्या लोकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका, असं त्यात स्पष्ट होतं. तेव्हा मला त्या वाचून आश्चर्य वाटलं होतं, की हे सांगायची वेळ यावी? निळ्या दारापुढे उभं राहिल्यावर ते आश्चर्य गेलं.

बाकी दिवस छान गेले. फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो, मंगेशीला जाऊन आलो, मिरामारला संध्याकाळी पाय भिजवले. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात त्याबद्दल लोक कुरकुरतात, मला ती वेळ फार आवडली. गाव आपल्यासाठी जागं राहत नाही, याचं मला बरंच वाटलं.

कॅफेत आम्ही मुक्काम संपेपर्यंत जात राहिलो, पण वेळ बदलून. काका पुन्हा एकदा दिसले, खिडकीपाशी, पेपर उघडून. आम्हाला बघून त्यांनी समोरची खुर्ची पायाने थोडी पुढे सरकवली. तेव्हा गर्दी ओसरली होती, पोऱ्यालाही बोलायला वेळ होता, आणि त्याने आम्हाला न विचारता गरम मिरच्यांची भजी आणून दिली. आतल्या बाईंनी नुकती तळलेली. बिलात ती धरलेली नव्हती, आम्ही भांडून पैसे दिले.

निघायच्या दिवशी मालकांना म्हटलं, मी फिरते तिथलं लिहिते, तुमच्याबद्दल लिहू का? त्यांनी दोन्ही हात जोडले. "नाव नको. लिहायचंच तर एवढं लिहा, साडेआठ ते साडेदहा आमच्या कामावर जाणाऱ्या लोकांना खाऊ द्या. अकराला या. भाजी असते तेव्हापण. मग तासभर बसा, मी काही म्हणणार नाही."