कलर शिफ्ट अपडेट: मांडवीच्या लाटा, लाल आधीचा, हिरवा आत्ताचा, निळा नंतरचा

मंडळी, कलर शिफ्टच्या, म्हणजे व्हिडिओतले रंग सरकवून बघायच्या प्रयोगांचं अपडेट देतोय, यावेळी जरा मोठं आहे कारण सांगण्यासारखं बरंच साठलंय. अख्ख्या फ्रेमचा ह्यू (रंगछटा) फिरवणं मी आता जवळजवळ सोडलंय आणि हात धुऊन एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, ती म्हणजे व्हिडिओचं चित्र ज्यांनी बनतं ते लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल वेळेत पुढेमागे सरकवणं. म्हणजे स्क्रीनवरच्या एकाच फ्रेममध्ये लाल थोडा आधीचा, हिरवा आत्ताचा आणि निळा थोडा नंतरचा. जे हलत नाही ते जसंच्या तसं दिसतं कारण तिन्ही वेळेला ते तिथेच होतं, आणि जे हलतं फक्त त्यालाच रंग फुटतात.

ह्यू फिरवण्यात मजा नाही असं नाही, पण समुद्र जांभळा होतो, वाळू हिरवी होते, माणसं निळी होतात आणि थोड्या वेळात डोळा सरावतो, कारण रंग बदलायला चित्रात काही कारणच नसतं. ज्यांना तेच करायचंय त्यांनी निदान एचएसव्हीमध्ये (रंग आकड्यांत मांडायची नेहमीची सोपी पद्धत) करू नका, त्यात पिवळ्याचा निळा झाला की चित्र डोळ्याला एकदम काळवंडतं. ब्यॉर्न ओटोसनने २०२० मध्ये काढलेली ओकेलॅब ही डोळ्याला जुळणारी पद्धत आहे, तिच्यात ह्यू फिरवला तरी उजळपणा बऱ्यापैकी जागेवर राहतो. आणि कृपा करून रंग झपझप बदलत ठेवू नका, १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या फ्लॅशमुळे शेकडो मुलांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत हा नियम मी तरी काटेकोर पाळतो, भडक लाल असेल तर जास्तच.

आता चॅनेल डिले, म्हणजे तेच चॅनेल वेळेत सरकवणं. आयडिया जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१ मध्ये तीन रंगांच्या फिल्टरमधून काढलेले तीन वेगळे फोटो वापरून रंगीत चित्र पडद्यावर दाखवलं. पुढे रशियात छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की असेच एकामागून एक तीन शॉट घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या फोटोत घरं, डोंगर, माणसं व्यवस्थित रंगीत आहेत पण नदीच्या पाण्यावर लाल-हिरव्या-निळ्या लहरी उमटल्यात, कारण तीन शॉटच्या मधल्या वेळात पाणी काही थांबलं नव्हतं. कोडॅकच्या रॉबर्ट हॅरिसने हेच मुद्दाम करायला तीन फिल्टरची पट्टी बनवली, ती एक्स्पोजर चालू असताना लेन्ससमोरून खाली सोडायची, म्हणून याला हॅरिस शटर म्हणतात. आपल्याला पट्टी लागत नाही, व्हिडिओत सगळ्या वेळा आधीच रेकॉर्ड झालेल्या असतात.

मी रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमध्येच, त्यातल्या इफेक्टसाठीच्या फ्युजन पेजवर करतो. एकाच क्लिपच्या तीन वाटा काढायच्या, दोन वाटांवर टाइमस्पीड (क्लिप वेळेत सरकवणारं टूल) टाकून एकीला प्लस आणि एकीला मायनस डिले द्यायचा, मग दोन चॅनेल बूलियन्स (चॅनेल अदलाबदल करणारं टूल), पहिल्यात फक्त लाल डिलेच्या वाटेवरून घ्यायचा आणि बाकीचे बॅकग्राउंडचेच ठेवायचे, दुसऱ्यात फक्त निळा. झालं. क्लिपच्या सुरुवातीला आणि शेवटी डिलेपेक्षा जास्त फुटेज शिल्लक ठेवा, नाहीतर टोकाला एखादा चॅनेल अडकून बसतो.

हिरवा मधे ठेवलाय तो उगाच नाही. रेक ७०९ या एचडी व्हिडिओच्या रंगांच्या मानकात उजळपणातला ०.७१५२ वाटा हिरव्याचा, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा फक्त ०.०७२२. म्हणजे डोळा हालचालीचं टायमिंग जवळपास हिरव्यावरूनच पकडतो, तेव्हा आवाज हिरव्याला जुळवला की लाट फुटल्याचा आवाज बरोबर लाट फुटताना येतो. आणि निळा असा दुबळा असल्यामुळे त्याची कड अंधाऱ्या भागात दिसतच नाही, म्हणून ५० एफपीएसच्या (सेकंदाला ५० फ्रेमच्या) क्लिपला मी लालला ६ फ्रेम आणि निळ्याला ९ फ्रेम देतो, निळा पट्टा रुंद होतो आणि लालच्या बरोबरीने नजरेत भरतो.

सगळ्यात जास्त मजा रत्नागिरीच्या मांडवी बीचवर आली. तिथली वाळू काळी, फेस पांढरा, याच्याइतकं कॉन्ट्रास्ट दुसरीकडे शोधून मिळत नाही. लाट वर चढत येते तेव्हा तिच्या पुढच्या कडेला निळा पट्टा असतो, त्याच्या मागे आकाशी, मग पांढरा फेस. लाट मागे सरायला लागली की त्याच कडेला लाल आणि पिवळा. आणि मधे, लाट जिथपर्यंत पोचायची तिथे पोचून वळते त्या क्षणाला, कडेवर एक बारीक हिरवी रेघ चमकून जाते. मी ती एक एक फ्रेम पुढे करून पाहिली तेव्हा उलगडा झाला, लाल चॅनेलमध्ये लाट अजून चढतेय, निळ्यात ती उतरायला लागलीय, वरच्या टोकाला आहे तो फक्त हिरवा. आणि वाळूवर मागे राहिलेला फेस तर बघाच, बुडबुडा फुटला की आधी निळा जातो, मग हिरवा, मग लाल, म्हणजे प्रत्येक बुडबुडा पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल होऊन निखाऱ्यासारखा विझतो. असे हजारो एकदम! मी हा तुकडा किती वेळा लूपवर बघितला असेन त्याला गणतीच नाही.

पक्ष्यांचंही करून बघा. पावसाळी पांढऱ्या आभाळावर उडणारी घार घेतली तर ती गडद असल्याने प्रत्येक चॅनेलमधून तिच्या जागी रंग वजा होतो, म्हणून पुढे पिवळी, मधे मॅजेंटा, मागे आकाशी अशा तीन घारी दिसतात. गडद झाडीवरून जाणारा बगळा बरोबर उलटा, पुढे निळा, मधे हिरवा, मागे लाल. हळू उडणारा असेल तर तिन्ही एकमेकांवर येतात आणि नुसती कडेला बारीक रंगीत किनार येते, ती स्वस्त लेन्सच्या फ्रिंजिंगसारखी दिसते, तेव्हा डिले वाढवा. पक्षी स्वतःच्या अंगाच्या लांबीइतका तरी सरकला पाहिजे असा माझा अंदाज.

शूट करताना सगळं लॉक हवं. ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं आणि ब्राइटनेस मधेच जरा बदलला तर अख्ख्या फ्रेमवर रंगाची झाक येऊन जाते, कारण एक चॅनेल अजून जुन्या एक्स्पोजरवर असतो. व्हाइट बॅलन्स आणि फोकसही लॉक, आणि ट्रायपॉडवर फोनचं स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर ते फ्रेम हलवतं आणि क्षितिजालाच किनार येते. किनाऱ्यावर वारा असतो, ट्रायपॉडला खाली वजन अडकवा. रात्री रस्त्यावर करणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर जुळलं नाही तर ते लुकलुकणं इथे रंगीत होऊन दिसतं.

एक्स्पोर्टमध्ये मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. ४:२:० मध्ये, म्हणजे बहुतेक व्हिडिओ फाइल ज्या पद्धतीने रंग साठवतात तिच्यात, रंगाची माहिती आडवी अर्धी आणि उभी अर्धी साठवली जाते आणि आपला इफेक्ट म्हणजे सगळा रंगच, त्यामुळे बुडबुड्यांचे लाल ठिपके चिखल होतात. यावर उपाय म्हणजे शूट फोर-केमध्ये करायचं आणि टाइमलाइन १०८०ची ठेवायची, फोर-केचा अर्धा रंग १०८०ला पूर्ण पुरतो. मास्टर फाइल ४:२:२ मध्ये (रंग फक्त आडवा अर्धा) किंवा जमलं तर ४:४:४ मध्ये (रंग पूर्ण) काढून ठेवा आणि अपलोडसाठी शक्य तेवढा बिटरेट द्या.

पुढचा बेत ढगांच्या सावल्यांचा आहे. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावरून टाइमलॅप्स, दर ५ सेकंदाला एक फ्रेम, डिले १ किंवा २ फ्रेमचा. हिशेबाने सावलीची पुढची कड पिवळी आणि मागची निळी यायला हवी, आणि ती अख्ख्या डोंगरावरून सरकताना दिसायला हवी. मॅन्युअल एक्स्पोजर ठेवून दोन-तीन तास ढगाळ हवेत टाइमलॅप्स कोणी केलाय का? ऊन-सावलीत हायलाइट जळू नयेत म्हणून तुम्ही एक्स्पोजर किती स्टॉप खाली ठेवता आणि एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काच) लावता का ते सांगा, श्रावणातली ऊन-पावसाची हवा सुरू झाली की निघणार आहे.