आमची वाटचाल : मिरजेत वूफरच्या पेट्या बनवताना

मिरजेत 'पेटी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम येते. गावात सतारमेकर गल्ली आहे, इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच गावात आम्ही 2009 पासून दुकान चालवतो आणि पेट्याच बनवतो, पण गाडीच्या डिक्कीत बसणाऱ्या, वूफरच्या, म्हणजे खालचा बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या. अजूनही अधूनमधून फोन येतो, "भाता फाटलाय, करून द्याल का?" आम्ही त्यांना गल्लीतला पत्ता सांगतो.

सुरुवातीला कामं साधी होती. स्टिरिओ, दारातले स्पीकर, सीट कव्हर. कुणाला वूफर हवा असला की तयार पेटी आणायची, बारा इंची कुठलाही स्पीकर त्यात बसवायचा, चार स्क्रू मारायचे आणि वायर जोडायची. पेटी म्हणजे स्पीकर ठेवायचं खोकं, अशीच माझी समजूत होती.

2011 साली तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. त्यांनी मुंबईहून चांगला महाग वूफर आणला होता आणि त्यांना पोर्टवाली, म्हणजे हवा आतबाहेर जायला बोगदा ठेवलेली पेटी हवी होती. मी फोटो बघून अंदाजाने बनवून दिली. आवाज मोठा आला, ते खूश होऊन गेले. पण गाणं कुठलंही लावा, एकाच सुराला ती पेटी घुमायची. हलगीचा ठोका आणि बास गिटारची तार सारखीच ऐकू यायची. तिसऱ्या आठवड्यात ते परत आले. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, हाताने दाबला तर आत खरखर ऐकू आली, त्याला हलवणारी तारेची कॉइल मागच्या लोखंडावर आपटून वाकली होती. चूक पूर्ण माझी होती. नवा वूफर मी माझ्या पैशाने आणून दिला. त्या वेळी दुकानाची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय फळी कापायची नाही, असं ठरवलं.

काय चुकलं ते समजायला मला वर्ष लागलं. समजावलं ते आमच्या चाचांनी. ते आधी एका सतारीच्या कारखान्यात होते, डोळे थकल्यावर नाजूक काम सोडलं आणि आमच्याकडे सुतारकामाला आले. एक दिवस नळाखाली घागर भरत होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ऐक, पाणी चढतंय तसा सूर चढतोय. आतली हवा कमी होतेय." बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो आवाज येतो, तोच हा प्रकार. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याचं गणित मांडून ठेवलंय. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, पोर्टमधली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी. पेटी मोठी केली की सूर उतरतो, पोर्ट लांब केला की उतरतो, पोर्टचं तोंड मोठं केलं की चढतो. पेटीच्या स्वतःच्या सुरावर स्पीकरचा कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळा बास पोर्ट देतो. त्या सुराच्या बऱ्याच खाली गेलं की हवा पोर्टमधून नुसती आतबाहेर करते, कोनला मागून धरणारं कुणी उरत नाही. माझी ती पेटी नंतर मोजली तेव्हा तिचा सूर 48 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48 कंपनांवर निघाला. गाण्यातला बास 30 च्या आसपास होता आणि अ‍ॅम्पचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी सोय, मी बंद ठेवला होता. दुसरं काय होणार होतं?

चाचांशी एक मोठा वादही झाला. सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, पातळ असते, ती थरथरली तरच वाद्य बोलतं. त्या हिशेबाने ते पुढची फळी पातळ करायला निघाले. वूफरच्या पेटीचं नेमकं उलटं आहे. इथे लाकूड मुकं हवं. फळी थरथरली तर ती स्वतःचा आवाज मिसळते. शेवटी आम्ही 8 मिमीची आणि 18 मिमीची अशा दोन पेट्या करून शेजारी वाजवल्या. चाचांनी दोन्हींवर तळहात ठेवला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन जाड पेटीच्या आत आडवा टेकूसुद्धा स्वतःहून लावला.

आता काम कसं चालतं ते सांगतो. वूफरसोबत एक कागद येतो, त्यावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात, म्हणजे स्पीकरचा स्वतःचा सूर, त्याची थरथर किती लवकर थांबते आणि त्याचा ताठपणा किती लिटर हवेइतका आहे. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ही पद्धत बसवून दिली, म्हणून आज आमच्यासारखा दुकानदार लॅपटॉपवर विनआयएसडी हे पेटीचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर उघडून पेटी आखू शकतो. समजा बारा इंची वूफरला निव्वळ 50 लिटर हवा आणि 34 हर्ट्झ सूर हवा. पोर्टचं तोंड 30 बाय 5 सेंटिमीटर धरलं तर त्याची लांबी साधारण 68 सेंटिमीटर येते. एवढा पोर्ट सरळ मावत नाही, तो मागच्या फळीपाशी काटकोनात वळवावा लागतो. पोर्टची हवा, त्याची फळी, स्पीकरचा मागचा भाग, टेकू, हे सगळं मिळवलं की 50 लिटरची पेटी आतून 67 लिटरची करावी लागते. हा फरक न धरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

पोर्टचं तोंड लहान ठेवायचा मोह टाळावा लागतो. तोंड लहान असलं की पोर्ट आखूड होतो, पेटी आटोपशीर बसते, पण आवाज वाढवला की फुस्स-फुस्स अशी हवा ऐकू येते. कडाही आम्ही राउटरने गोल करतो.

झाकण मात्र लगेच चिकटवत नाही. फोमची पट्टी लावून स्क्रूवर बसवतो, लॅपटॉपवरून एकेक हर्ट्झने बदलत सूर सोडतो आणि मल्टिमीटरवर इम्पेडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, कुठे तळाला जातो ते बघतो. तोच पेटीचा खरा सूर. भिंतीला लागून असलेला पोर्ट हिशेबापेक्षा लांब असल्यासारखा वागतो, त्यामुळे 34 ऐवजी बहुतेकदा 33 निघतो. मग झाकण काढायचं, आतल्या फळीचं टोक चार-पाच सेंटिमीटर कापायचं, पुन्हा मोजायचं. आकडा बसला की फेविकॉल आणि शिकंजे. एका पेटीला चार दिवस लागतात.

लाकूड बदललं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर आमच्या जुन्या ग्राहकांच्या गाड्या आल्या. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या पेट्या पावासारख्या फुगल्या होत्या, बोटाने कडा सुटत होत्या. एमडीएफ एकसारखं असतं, कापायला छान, आवाजाला चांगलं, मला ते आवडायचं. पण आमच्या भागात पावसाळा आहे आणि डिक्कीत पाणी येतंच. तेव्हापासून आयएस 710 मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय वापरतो. महाग पडतो, तो खर्च आधीच सांगतो.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, चाचा घरी बसून हातांनी पेट्यांचे नकाशे काढायचे.

सध्या निम्मी कामं सीएनजी गाड्यांची आहेत. टाकीने डिक्की खाल्लेली असते, उरलेल्या फटीत तिरकी पेटी बसवायची असते. टाकीला किंवा तिच्या पट्ट्यांना आम्ही एकही स्क्रू लावत नाही, व्हॉल्व्ह झाकत नाही. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट असते, म्हणून पेटी एका माणसाला दोन मिनिटांत काढता आली पाहिजे, तशीच पकड आणि प्लग ठेवतो. जागा अगदीच कमी असली तर पोर्ट सोडून बंद पेटी घ्या असं स्पष्ट सांगतो. छोट्या बंद पेटीचा बास थोडा कमी असतो, पण स्वच्छ असतो.

प्रत्येक पेटीच्या आतल्या बाजूला चाचा पेन्सिलने लिटर, हर्ट्झ आणि तारीख लिहितात. सबसॉनिक फिल्टर किती हर्ट्झवर ठेवायचा ते पेटीसोबत दिलेल्या कागदावर असतं, तो कागद गाडीच्या आरसीबरोबर ठेवा.

येताना डिक्की रिकामी करून या, स्टेपनी आणि जॅक तेवढे राहू द्या, कारण ते काढायला जागा सोडूनच आम्ही माप घेतो. वूफर आधीच घेतला असेल तर त्याचा कागद आणा. कागद हरवला असेल तरी चालेल, स्पीकर एक दिवस ठेवून गेलात तर आकडे आम्ही इथे मोजून घेतो.